झणझणीत ताट आणि रेड वाइन: बाटली निवडण्यापासून शेवटच्या घासापर्यंत

मटण आहे म्हणजे रेड वाइन. मटण झणझणीत आहे म्हणजे वाइनही तेवढीच जड आणि महागडी. हा हिशेब मी इतक्या घरांत ऐकलाय की आता कुणी बाटली हातात घेऊन दारात उभं राहिलं, की माझं लक्ष आधी लेबलावरच्या अल्कोहोलच्या टक्क्यांकडे जातं.

गेल्या हिवाळ्यात भावोजी साडेचौदा टक्क्यांची, लाकडी पिंपात मुरलेली कॅबर्ने, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची रेड वाइन, घेऊन आले. ताटात तांबडा रस्सा होता, माझ्या माहेरच्या म्हणजे कोल्हापूरच्या मापाचा. तिसऱ्या घोटानंतर सगळ्यांचे ग्लास जागच्या जागी राहिले आणि ताकाचा तांब्या मात्र दोनदा भरून झाला. "हिला काही चवच नाही, नुसती जळतेय," असं ठरलं. वाइन चांगली होती, रस्साही चांगला होता. आधी बाटली ठरली आणि मग ताट, तिथे घोळ झाला.

हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. बेत शनिवारी रात्रीचा असेल, तर काम शुक्रवारीच सुरू होतं.

आधी एवढं डोक्यात ठेवा

मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या संवेदकांना चेतवतं, ते मुळात उष्णतेची वर्दी देणारे आहेत. म्हणून तिखटाला आपण "जळतं" म्हणतो. अल्कोहोल याच संवेदकांना आणखी हळवं करतं. त्यामुळे वाइनमध्ये जितकं अल्कोहोल जास्त, तितकं तेच तिखट जास्त तिखट लागतं. मिरचीची आग वाइनने विझत नाही. तेरा टक्के अल्कोहोल कॅप्सायसिन धुऊन नेण्याइतकं जोरदार नसतं, पण आगीला वारा घालण्याइतकं नक्की असतं.

दुसरी गोष्ट टॅनिन. कच्चं केळं किंवा न पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसं बसतं, तसा रेड वाइनचा तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं करतं. मिरचीने आधीच सोललेल्या जिभेवर हा कोरडेपणा खरखरीत लागतो. मटणातली चरबी आणि मीठ त्याला बऱ्यापैकी मऊ करतात. म्हणून तीच वाइन सुक्या मटणाबरोबर बरी लागते आणि पातळ, तर्रीदार रस्श्याबरोबर बिघडते.

तिसरं तापमान. ते इतकं महत्त्वाचं आहे की त्याला खाली वेगळा टप्पा दिलाय.

टप्पा १ : तिखट कुठे आहे ते शोधा

"तिखट आहे" हे पुरेसं वर्णन नाही. पदार्थाचा एक चमचा रस्सा तोंडात घ्या, गिळा आणि घड्याळ लावून दोन मिनिटं थांबा. पाणी नाही, भाकरी नाही.

अर्ध्या मिनिटात चरका ओसरला, तर तिखट मिऱ्याचं, आल्याचं किंवा लवंगेचं आहे. पांढरा रस्सा या गटात येतो, घरोघरी हिरव्या मिरचीचं प्रमाण वेगळं असलं तरी. यात रेड वाइन सहज बसते.

मिनिटभराने जीभ तापलेली आहे पण मसाल्याची चव कळतेय, खोबरं कळतंय, मटण कळतंय, तर हे मध्यम तिखट. ब्याडगीवर भर असलेला कोल्हापुरी किंवा मालवणी मसाला बहुतेक इथे येतो. ब्याडगी रंगाला भारी आणि तिखटाला सौम्य असते, त्यामुळे लालभडक रस्सा बघून घाबरायचं कारण नाही. इथे वाइन चालते, पण निवडून.

दोन मिनिटांनंतरही कानशिलं गरम आणि नाक वाहतंय, तर लवंगी मिरचीने डाव जिंकलाय. नागपूरकडचं अस्सल सावजी आणि खानदेशातल्या काही घरांतली काळ्या मसाल्याची भाजी या वर्गातली. इथे मी रेड वाइन काढत नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी. जेवणाआधी, सुक्या चकण्याबरोबर हवी तर घ्या आणि ताट आल्यावर ग्लास बाजूला ठेवा.

दोन मिनिटं थांबताय तेवढ्यात आणखी दोन गोष्टी बघा. पदार्थात आंबट काय आहे, म्हणजे चिंच, कोकम, टोमॅटो की व्हिनेगर? आणि गोड आहे का? आंबट आणि गोड हे दोन्ही बाटलीची निवड बदलतात.

*तपासा:* चव रस्सा गरम असताना घेतली का? वाढताना तो गरमच असणार आहे आणि गरम रस्सा गारपेक्षा जास्त तिखट लागतो. ओट्यावर निवलेला रस्सा चाखून ठरवलेलं गणित ताटात चुकतं.

टप्पा २ : आता बाटली निवडा

दुकानात उभं राहून समोरचं लेबल वाचू नका. बाटली फिरवा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. क्रम असा:

पहिलं अल्कोहोल. मध्यम तिखटासाठी १२ ते १३ टक्के. साडेतेराला थांबा. १४च्या वरची बाटली परत फळीवर ठेवा, किंमत काहीही असो. आपल्याकडे नाशिक काय किंवा सोलापूर काय, द्राक्षं भरपूर उन्हात पिकतात, साखर चढते आणि तिचंच पुढे अल्कोहोल होतं. त्यामुळे जोरकस बाटल्या खूप मिळतात, हलक्या शोधाव्या लागतात.

दुसरं लाकूड. लेबलावर ओक, बॅरल, रिझर्व्ह असे शब्द दिसले की वाइन बहुधा पिंपात मुरलेली असते. ओकच्या लाकडामुळे व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास येतो आणि पिंपातूनही थोडं टॅनिन उतरतं. मिरचीशेजारी हा ओक कडवट होतो. गंमत अशी की दुकानदार "भारीतली" म्हणून नेमकी हीच पुढे करतो. तिखट जेवणाला त्याच वाइनरीची साधी, बिनओकची, शे-दोनशे रुपयांनी स्वस्त बाटली अनेकदा सरस ठरते.

तिसरं द्राक्ष. इथे थोडं रेंगाळू.

शिराझ आपल्याकडे सगळ्यात सहज मिळते. काळ्या मिऱ्याला जो वास देतं, ते रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझच्या द्राक्षातही असतं. त्यामुळे मिऱ्यावर उभं असलेलं वाटण आणि शिराझ यांचं बरं जमतं. पण दिंडोरीकडच्या पिंपात मुरलेल्या शिराझ वेगळ्या आणि साध्या, तरुण शिराझ वेगळ्या. तिखटाला दुसऱ्या.

सांजोव्हेज हे इटलीतलं द्राक्ष आता सोलापूर जिल्ह्यात अकलूजलाही होतं. त्याची वाइन अंगाने मध्यम आणि आंबटपणाने चोख असते. टोमॅटो, कोकम, व्हिनेगर असलेल्या पदार्थाला हीच घ्या. कारण सोपं आहे. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असला, की वाइन मिळमिळीत, पाणी घातल्यासारखी लागते. उष्ण हवेतल्या शिराझमध्ये आंबटपणा कमी, म्हणून व्हिनेगर घातलेल्या गोव्याच्या विंदालूसमोर ती बसून जाते. सांजोव्हेज उभी राहते.

मर्लो मऊ असते, टॅनिनही बेताचं. पहिल्यांदाच रेड वाइन पिणारे पाहुणे असतील तर इथून सुरुवात करा. कॅबर्ने सॉव्हिन्यॉ मात्र तुरट आणि ताठ. ती सुक्या, चरबीदार, कमी तिखट मटणासाठी राखून ठेवा. शिराझ-कॅबर्ने मिश्रण मधलं. टक्के बघून ठरवा.

परदेशात असाल तर काम सोपं आहे. फ्रान्समधली बोजोले, म्हणजे गामे द्राक्षाची हलकी वाइन, ही तिखट रस्श्यासाठी मला माहीत असलेली सगळ्यात बिनधोक रेड. स्पेनची साधी गार्नाचाही चांगली, पण तिचं अल्कोहोल चढं असू शकतं. कॅलिफोर्नियाची झिनफँडेल "मसालेदार" म्हणून विकली जाते, त्या शब्दाला भुलू नका. त्यातल्या कित्येक बाटल्या पंधरा टक्क्यांच्या असतात.

चौथं साल. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी पावसाळा सरल्यावर होते आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चच्या सुमारास. लेबलावरचं साल हे त्या तोडणीचं. साध्या, बिनओकच्या रेडला तीनेक वर्षांपेक्षा जुनं करण्यात काही राम नाही. "जितकी जुनी तितकी चांगली" हे पाचशे-सातशेच्या बाटलीला लागू नाही.

*सावधान:* बाटली दुकानात कुठे ठेवली होती ते बघा. दर्शनी काचेत, उन्हात, एप्रिल-मेमध्ये महिनाभर उभी असलेली वाइन आतून शिजलेली असते. बूच तोंडापेक्षा वर आलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल तर दुसरी मागा. शिजलेल्या वाइनला ताज्या फळाचा वास न येता काकवीसारखा वास येतो. आणि हो, फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, असं काही नाही. आपल्या हवेत मला तेच बरं वाटतं.

टप्पा ३ : स्वयंपाकात थोडी मांडणी बदला

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही जण पदार्थाला हातच लावत नाहीत. काही जण वाइन आहे म्हणून मिरची इतकी कमी करतात, की पाहुणे मनात म्हणतात, हा काय दवाखान्यातला रस्सा. दोन्ही नकोत.

तिखट तवंगात असतं. कॅप्सायसिन तेलात विरघळतं, पाण्यात फारसं नाही, म्हणून रस्श्यावर तरंगणारी लाल तर्री हा सगळ्यात जळजळीत भाग. रस्सा उकळला, मंद आचेवर दहा मिनिटं स्थिरावला, की वरची तर्री पळीने अलगद काढून वेगळ्या वाटीत ठेवा. रस्श्याची चव, वाटण, मटणाचा अर्क जागेवर राहतो आणि चरका बराच उतरतो. ज्याला हवी त्याने ताटात तर्री वरून घ्यावी. आमच्याकडे ही वाटी वाइन न पिणाऱ्या मंडळींच्या बाजूला ठेवलेली असते आणि तिचा मान मोठा असतो.

मसाला घरी करत असाल तर लवंगीचा वाटा ब्याडगीला द्या. रंग तसाच राहील. सुक्या मिरच्या आतून चिरून पांढरी शीर काढली तर तिखट आणखी उतरतं, कारण कॅप्सायसिन मुख्यतः त्या शिरेत असतं, बियांत नाही. बाजारचा तयार कांदा-लसूण मसाला असेल तर प्रमाण पाव हिश्श्याने कमी करा आणि कमी पडलेलं अंग भाजलेल्या सुक्या खोबऱ्याने, तिळाने भरून काढा. भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा आणि रेड वाइन यांची गाठ फार चांगली बसते. नुसत्या नारळाच्या दुधाची तितकी नाही.

मीठ नेहमीचं ठेवा. आळणी पदार्थाबरोबर वाइन तुरट लागते.

गूळ किंवा साखर मात्र हात आखडून. पदार्थ गोड झाला की कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन त्याच्यापुढे आंबट आणि कडू होते. भरल्या वांग्यात गुळाचा खडा घालणाऱ्यांनी तो निम्मा करावा. अगदी काढून टाकला तर ती भरली वांगी राहात नाहीत, हेही खरं.

*तपासा:* तर्री काढल्यावर पुन्हा दोन मिनिटांची चाचणी घ्या. अजून नाक वाहत असेल तर बाटली उघडायचा बेत जेवणाआधीवर ढकला.

टप्पा ४ : रेड वाइन गार करा (होय, रेडच)

सगळ्यात जास्त वाइन इथे वाया जाते. "रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी" हे वाक्य ज्या घरांतून आलं, तिथली खोली १६ ते १८ अंशांची. पुण्यात मेमध्ये खोली ३२ अंशांची असते. त्या तापमानाला वाइनमधलं अल्कोहोल नाकात शिरतं, फळाचा वास दबतो आणि मिरची दुप्पट जळते. थोडा गारवा तिखटाला तेवढ्यापुरता शांत करतो, अल्कोहोलचा भपकारा बसवतो.

पण बेताने. गारव्यात तुरटपणा वाढतो. म्हणून हलक्या, कमी टॅनिनच्या वाइनला १३ ते १५ अंश, शिराझ किंवा मिश्रणाला १५ ते १६. बाराच्या खाली कुठलीच नको. कॅबर्ने फार गार केली की तोंडात पेन्सिलीचं लाकूड धरल्यासारखं होतं.

कसं करायचं:

१. खोलीत ३० अंशांना असलेली बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात आडवी ठेवली तर पंधरा अंशांवर यायला पावणेदोन ते दोन तास लागतात. आठला जेवण असेल तर सहाला ठेवा.

२. वेळ नसेल तर पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. बाटली गळ्यापर्यंत बुडवा. १२ ते १५ मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात ठेवू नका. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटली कितीतरी हळू निवते.

३. रात्रभर फ्रिजमध्ये विसरली असेल तर घाबरायचं नाही. जेवणाच्या पाऊण तास आधी बाहेर काढा.

*सावधान:* फ्रीझर नको. "पाच मिनिटं फक्त" म्हणून ठेवलेली बाटली पाहुण्यांच्या गप्पांत दोन तास राहते, वाइन फुगून बूच बाहेर ढकलते आणि कधीकधी काचच तडकते. फ्रीझरभर जांभळं झालेलं मी एकदा पुसलंय. आमच्या आइस्क्रीमला आठवडाभर शिराझचा वास होता.

*तपासा:* स्वयंपाकाचा तापमापक असेल तर पहिला घोट ग्लासात ओतून मोजा. नसेल तर बाटली गालाला लावा. माठातल्या पाण्याइतकी गार लागली तर आणखी थोडी गार होऊ द्या, फ्रिजच्या पाण्याइतकी लागली तर दहा मिनिटं बाहेर ठेवा. दोघांच्या मधलं हवंय.

टप्पा ५ : उघडणं आणि ओतणं

हे पटकन. साध्या रेडला तासभर आधी उघडून "श्वास घेऊ देणं" लागत नाही. बाटलीच्या अरुंद तोंडातून तशीही हवा फारशी जात नाही. जेवायला बसायच्या दहा मिनिटं आधी उघडा आणि आधी स्वतः वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजल्या गोणपाटाचा वास आला तर बूच खराब निघालंय. ती वाइन थांबून सुधारणार नाही. व्हिनेगरसारखा वास आला तर ती स्वयंपाकघरात.

ग्लास कुठलाही चालेल, फक्त भांड्याच्या साबणाचा आणि कपाटातल्या डांबरगोळीचा वास नसलेला. ओतताना साठ-सत्तर मिलिलिटरच ओता. ७५० मिलिलिटरची बाटली अशी दहा-बारा वेळा पुरते. मोठा ग्लास भरून ठेवला की आपल्या हवेत दहा मिनिटांत तो दोन-तीन अंश तापतो आणि मग टप्पा ४ची मेहनत फुकट. बाटली अर्धी झाली की पुन्हा गार पाण्याच्या पातेल्यात.

बसायच्या आधी आणखी एक. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं. आणि गाडी चालवणाऱ्याची रक्तातली मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे, ती वाइनलाही तशीच लागू. चालकाच्या हातात सोलकढी द्या.

टप्पा ६ : ताटातला क्रम

आपलं ताट एकदम वाढलं जातं आणि तिथेच पंचाईत होते. वाइनसोबतच्या जेवणात वाढण्याचा क्रम पाळावा लागतो. निदान पहिल्या वीस मिनिटांपुरता.

आधी नुसता एक घोट, रिकाम्या तोंडाने. ही तुमची मोजपट्टी. पुढे वाइन बिघडली की ताटामुळे बिघडली हे कळतं.

मग सुकं मटण आणि भाकरी. चरबी, मीठ, भाजलेलं खोबरं, रस नाही. रेड वाइनचा जेवणातला सगळ्यात चांगला क्षण हा. इथे घाई करू नका.

मग पांढरा रस्सा, वाटीने.

तांबडा शेवटी. आणि तो खाताना अशी चाल ठेवा: रस्श्यात बुडवलेली भाकरी, मग कोरड्या भाकरीचा तुकडा, मग दहा-पंधरा सेकंद थांबणं आणि मग छोटा घोट. बहुतेक लोक जळलं की लगेच ग्लास उचलतात, पाणी प्यावं तसा. तोंडात आग असताना घेतलेली वाइन नुसतं अल्कोहोल लागते. आग ओसरू लागली की घेतलेला तोच घोट गोडसर, फळाचा लागतो. एकाच जेवणात दोन्ही करून बघा, फरक सांगावा लागणार नाही.

जळलंच तर भात, भाकरी, दही किंवा ताक. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला जिभेवरून सोडवतं, पाणी ते करत नाही. पण ताक प्यायल्यावर लगेच वाइन घेऊ नका. आंबट ताकावर तुरट वाइन फाटल्यासारखी लागते. मध्ये भाताचे दोन घास जाऊ द्या.

*सावधान:* ठेचा, लिंबाची फोड, कच्चा कांदा आणि सोलकढी पहिल्या वीस मिनिटांत ताटात ठेवू नका. ठेच्याचं कारण सांगायला नको. सोलकढीतलं कोकम आणि लसूण मिळून कोणतीही रेड झोपवतात. सोलकढीची जागा शेवटी, ग्लास उचलून झाल्यावर, भाताबरोबर.

काही ताटं आणि माझा निकाल

*कोंबडी-वडे.* मालवणी रस्सा मध्यम तिखट, वडे तळलेले. तरुण मर्लो किंवा हलकी शिराझ, १४ अंशांना. वड्यांच्या तेलामुळे वाइनचा तुरटपणा बसतो.

*मासे.* बांगडा, तारली, सुरमई यांच्या तिखल्याला रेड वाइन नको. रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडाला नाणं चाटल्यासारखी चव येते. मासा जितका तेलकट तितकी ही चव जोरात, आणि तिखट कमी करून ती जात नाही.

*विंदालू आणि सोरपोतेल.* व्हिनेगर आहे, डुकराची चरबी आहे. आंबट बाजूची सांजोव्हेज बरोबर जाते. गोव्यात मिळणारी गोड पोर्ट अनेकांना कमीपणाची वाटते, पण तिखट चोरिसाबरोबर, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजबरोबर, तिचा गोडवा उपयोगी पडतो. चांगली गार करा आणि थोडीच ओता. मी त्यात बर्फाचा एक खडाही टाकते, कुणी नाक मुरडलं तरी.

*भरली वांगी, मसालेदार छोले, मशरूमचा काळा रस्सा.* शाकाहारी ताटात चरबी आणि प्रथिनं कमी, म्हणजे टॅनिनला मऊ करणारं कुणी नाही. म्हणून मांसाहारापेक्षा एक पायरी हलकी वाइन घ्या. वांग्यातला शेंगदाण्याचा कूट आणि तीळ मदत करतात, वरून तूप सोडलं तर आणखी. शेवभाजी चविष्ट असली तरी तिचा रस्सा पातळ आणि जाळ मोठा. माझ्या वाटेला तिथे यश आलेलं नाही.

*मिसळ.* नाही. कट, कच्चा कांदा, लिंबू, फरसाण, पाव, सगळं एका घासात. चहा घ्या.

टेबलावर बिघडलंच तर

वाइन कडू लागतेय: ताटात मीठ कमी आहे का बघा, नाहीतर चरबी कमी आहे. भाकरीवर तुपाचा किंवा लोण्याचा गोळा द्या.

वाइन जळतेय: गार पाण्याच्या पातेल्यात आठ मिनिटं. तोवर पांढरा रस्सा वाढा.

वाइन पाण्यासारखी लागतेय: पदार्थ आंबट झालाय. आता दुरुस्ती नाही. सुक्या मटणाकडे परत चला.

सगळंच फसलंय: बाटलीला झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि ताटाचा आनंद घ्या. उघडलेली साधी रेड फ्रिजमध्ये तीन दिवस बरी राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेलं सुकं मटण तव्यावर परतताना त्यात थोडं तूप घाला, भाकरी भाजायला घ्या आणि बाटली त्याच वेळी बाहेर काढा. भाकऱ्या होईपर्यंत ती बरोबर हव्या त्या गारव्याला येते.